१९३१चा ‘ड्रॅक्युला’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी हा सिनेमा ओळखीच्या लोकांना घरी बोलावून दाखवतो आहे. संपल्यावर दिवे लावले की प्रश्न सुरू होतात आणि बहुतेक वेळा तेच ते असतात: इतका शांत का, इतका संथ का, सुळे कुठे गेले, शेवट असा तुटल्यासारखा का. उत्तरं शोधत गेलो तेव्हा लक्षात आलं की त्यातली निम्मीअधिक उत्तरं शेवटी रंगभूमीपाशीच नेऊन सोडतात. म्हणून ती एका जागी लिहून ठेवतो आहे. शेवटासकट सगळं उघड केलेलं आहे. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या, सव्वा तासाचाच आहे.

हा सिनेमा ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीवरून केलेला आहे ना?

श्रेयनामावलीत कादंबरीही आहे आणि नाटकही. पण पडद्यावर जे दिसतं त्याचा मोठा भाग नाटकाचा आहे.

कादंबरी १८९७ची. रोजनिशा, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांतली कात्रणं अशा कागदपत्रांतून ती उलगडत जाते. तीत प्रवास फार आहे: लंडनहून ट्रान्सिल्व्हेनिया, जहाजानं इंग्लंड, आणि शेवटी काउंटचा पाठलाग करत पुन्हा त्याच डोंगरांत. हे सगळं रंगमंचावर आणायचं तर कुणीही हात टेकले असते. गंमत अशी, की स्टोकर स्वतः नाटकाच्या धंद्यातलाच माणूस. लंडनच्या लायसियम थिएटरचा तो व्यवस्थापक होता आणि हेन्री आयर्विंगसारख्या बड्या नटाबरोबर त्यानं वर्षानुवर्षं काम केलं. नाट्यरूपांतराचे हक्क आपल्याकडे राहावेत म्हणून कादंबरी बाजारात यायच्या काही दिवस आधी, १८ मे १८९७ रोजी, त्यानं तिथे तिचं जाहीर वाचनही करवून घेतलं होतं. पण खरंखुरं नाटक उभं राहिलं ते त्याच्या मृत्यूनंतर. तो १९१२ साली गेला.

मग नाटक लिहिलं कोणी?

हॅमिल्टन डीन या नट-व्यवस्थापकानं. तो स्वतःची कंपनी घेऊन गावोगाव दौरे करणारा माणूस होता. आपल्याकडच्या जुन्या नाटक कंपन्या आठवा: सामान बैलगाडीत किंवा आगगाडीत घालायचं आणि पुढच्या मुक्कामी पडदे लावायचे. डीनचीही गरज तशीच होती. जे उचलून नेता येईल तेच नेपथ्य. म्हणून त्यानं डोंगर, जहाज, पाठलाग सगळं काढून टाकलं आणि गोष्ट दिवाणखाना, शयनगृह आणि तळघर एवढ्यात बसवली. पहिला प्रयोग १९२४ साली इंग्लंडमधल्या डर्बी शहरात झाला.

यातूनच एक मोठा बदल घडला. कादंबरीतला काउंट पांढऱ्या मिशांचा म्हातारा आहे. त्याच्या तोंडाला दुर्गंधी येते, आणि पहिली काही प्रकरणं सोडली तर तो फारसा समोरही येत नाही. असा माणूस सभ्य इंग्रजी घरात पाहुणा म्हणून येणार कसा? नाटक दिवाणखान्यात घडवायचं तर त्याला दिवाणखान्यात घ्यावं असं रूप देणं भागच होतं. डीननं त्याला संध्याकाळच्या मेजवानीचा काळा पोशाख दिला, अदब दिली, झुकून हाताचं चुंबन घेण्याची रीत दिली. आज जगभर ड्रॅक्युला म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांसमोर येतं, ते दौऱ्यावरच्या एका कंपनीच्या अडचणीतून जन्मलेलं आहे. मला ही गोष्ट या साऱ्या इतिहासातली सर्वांत आवडती वाटते.

फेब्रुवारी १९२७मध्ये नाटक लंडनच्या लिटल थिएटरला आलं. समीक्षकांनी नाकं मुरडली, पण प्रेक्षकांनी गर्दी केली. कुणी घाबरून बेशुद्ध पडलंच तर म्हणून डीन थिएटरात गणवेशातली परिचारिका उभी ठेवत असे. जाहिरातीची ती नामी युक्ती होती.

न्यूयॉर्कचा प्रकाशक आणि निर्माता होरेस लिव्हराइट यानं हे नाटक अमेरिकेत न्यायचं ठरवलं आणि जॉन बॉल्डरस्टन या पत्रकाराकडून ते पुन्हा लिहून घेतलं. ५ ऑक्टोबर १९२७ रोजी फुल्टन थिएटरात ते सुरू झालं आणि २६१ प्रयोग झाले. काउंटची भूमिका बेला लुगोसी या हंगेरियन नटाकडे, प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग एडवर्ड व्हॅन स्लोनकडे आणि डॉक्टर सेवर्ड हर्बर्ट बन्स्टनकडे होते. तिघेही पुढे सिनेमात त्याच भूमिकांत आहेत. म्हणजे या तिघांमधले प्रसंग आपण पाहतो तेव्हा शेकडो प्रयोगांत घोटलेलं काम पाहत असतो.

सिनेमा काढणाऱ्या युनिव्हर्सल स्टुडिओला हे सगळं किती डॉलरना पडलं?

हक्कांचे ४०,००० डॉलर, आणि सिनेमाचा एकूण खर्च साडेतीन लाख डॉलरच्या आसपास.

हक्क एवढे जपून घेण्यालाही कारण होतं. १९२२ साली जर्मनीत मूर्नाउनं ‘नोस्फेराटू’ हा मूकपट कादंबरीवरून केला, पण परवानगी न घेता, नावं बदलून. स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स कोर्टात गेली आणि १९२५ साली त्या सिनेमाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश मिळवला. काही प्रती तरीही वाचल्या, म्हणून आज तो पाहता येतो. पण हॉलिवूडला धडा मिळाला होता. युनिव्हर्सलनं कादंबरी आणि नाटक या दोन्हींचे हक्क रीतसर विकत घेतले.

सुरुवातीची वीस मिनिटं अंगावर येतात, आणि लंडनला आल्यावर मात्र सगळे दिवाणखान्यात उभे राहून बोलतात. असं का?

हा प्रश्न विचारला की मला बरं वाटतं, कारण विचारणाऱ्यानं सांधा बरोबर पकडलेला असतो.

सुरुवातीचा भाग नाटकात नव्हताच. बोर्गो खिंड, खाणावळीतले घाबरलेले गावकरी, मध्यरात्रीची बग्गी, पडका किल्ला, जिन्यावरून मेणबत्ती घेऊन उतरणारा काउंट: हे सगळं कादंबरीतून घेतलं आहे. इथे पटकथेनं एक बदल केला. कादंबरीत किल्ल्यावर जातो तो हार्कर. सिनेमात जातो रेनफिल्ड. त्यामुळे पुढे वेड्यांच्या इस्पितळात माश्या खाणारा रेनफिल्ड असा का झाला याचं उत्तर आपल्या डोळ्यांदेखत मिळतं. माझ्या मते पटकथेतली ही सर्वांत चांगली सुधारणा आहे.

गोष्ट लंडनला आल्यावर मात्र आपण बॉल्डरस्टनच्या नाटकात पाऊल टाकतो. माणसं दारातून येतात, बोलतात, दारातून जातात. लांडगा हिरवळीवरून पळाला हे आपल्याला दिसत नाही, हार्कर खिडकीतून बघून सांगतो. ही शुद्ध रंगभूमीची रीत आहे: जे मंचावर आणता येत नाही ते पात्रानं विंगेकडे पाहून सांगायचं.

त्या वर्षांत हॉलिवूडनं हे सर्रास केलं. १९२७नंतर बोलपट आले आणि स्टुडिओंना एकाएकी संवादांची गरज भासू लागली. मूकपटाच्या लेखकांना संवाद लिहायची सवय नव्हती, अनेक नटांना बोलायची नव्हती. दोन्ही गोष्टी तयार मिळत होत्या त्या ब्रॉडवेवर. म्हणून नाटकं विकत घेतली गेली आणि नाटकातली माणसं कॅलिफोर्नियाला गेली.

अडचण यंत्राचीही होती. कॅमेऱ्याचा खडखडाट माइकमध्ये शिरे, म्हणून पहिल्या एकदोन वर्षांत कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही ध्वनिरोधक खोक्यात बंद करत. १९३०च्या शरद ऋतूत ‘ड्रॅक्युला’ चित्रित झाला तोवर ही सक्ती सैल झाली होती, पण तिनं लावलेली सवय सुटलेली नव्हती. जिथे बोलणं नाही तिथे कॅमेरा कसा मोकळा होतो ते तळघराच्या प्रसंगात पाहा. तो सावकाश पुढे सरकत जातो, शवपेटीचं झाकण हलतं, फटीतून बोटं बाहेर येतात. छायालेखक कार्ल फ्रॉइंड होता, जर्मनीत मूर्नाउबरोबर ‘द लास्ट लाफ’ आणि फ्रिट्झ लांगबरोबर ‘मेट्रोपोलिस’ केलेला. हार्करचं काम करणाऱ्या डेव्हिड मॅनर्सनं तर म्हातारपणी सांगितलं होतं की सेटवर दिग्दर्शन करताना आपल्याला फ्रॉइंडच आठवतो. एका नटाच्या आठवणीवर मी दिग्दर्शक टॉड ब्राउनिंगचं श्रेय काढून घेणार नाही. सर्कशी-जत्रांत उमेदवारी केलेला, लॉन चेनी या नटासोबत दहा मूकपट केलेला हा दिग्दर्शक होता. संवादांपेक्षा मूक प्रसंगांत त्याचा हात बसलेला होता हे मात्र सिनेमा स्वतःच सांगतो.

पार्श्वसंगीत का नाही? माझ्या प्रतीत काही बिघाड आहे का?

नाही. प्रत ठीक आहे.

नावं येतात तेव्हा चायकोव्हस्कीच्या ‘स्वान लेक’मधला तुकडा वाजतो. पुढे संगीतगृहाच्या प्रसंगात वाग्नरच्या ‘माइस्टरझिंगर’चे सूर आणि शूबर्टच्या अपूर्ण सिंफनीची सुरुवात ऐकू येते, तीही पडद्यामागे वाद्यवृंद आहे असं धरून. एवढंच. उरलेला सिनेमा संगीताविना आहे.

यामागे दोन गोष्टी होत्या. एक तांत्रिक: आधी घेतलेल्या संवादांवर नंतर संगीत मिसळायचं तर आवाजाची पुन्हा मुद्रणं करावी लागत, आणि त्यात त्याचा दर्जा ढासळे. दुसरी समजुतीची: खोलीत वाद्यं दिसत नसताना संगीत कुठून आलं असा प्रेक्षकाला प्रश्न पडेल, अशी निर्मात्यांना खरोखर धास्ती होती. मूकपटाच्या काळात थिएटरात बसलेला वाद्यवृंद सबंध वेळ वाजवत असे आणि कुणाला तसा प्रश्न पडत नसे. पण पडद्यावरची माणसं बोलू लागली आणि हिशेब बदलला. १९३३ साली ‘किंग काँग’ला मॅक्स स्टायनरनं भरघोस संगीत दिलं, तोवर हा संकोच बराच ओसरला होता. ‘ड्रॅक्युला’ त्या दोन टोकांच्या मधल्या फटीत सापडला.

आणि त्या फटीनं सिनेमाचं भलं केलं असं मी मनापासून मानतो. आजच्या भयपटात दार करकरायच्या आधी व्हायोलिनं सांगून टाकतात की आता दार करकरणार. इथे कुणीच काही सांगत नाही. किल्ल्यातल्या तीन स्त्रिया बेशुद्ध रेनफिल्डकडे सरकत येतात, काउंट नुसता हात करून त्यांना मागे सारतो, आणि स्वतः खाली वाकतो. एक शब्द नाही, एक सूर नाही. ध्वनिपट्टीची बारीक खरखर तेवढी ऐकू येते. गावाकडच्या जुन्या घरात रात्री वीज गेल्यावर जशी शांतता कानांवर बसते, तशी ही शांतता आहे. नाटकातला नट वाक्याआधी थांबतो तेव्हा सगळं सभागृह श्वास धरून असतं. ब्राउनिंगनं तो थांबा कॅमेऱ्यासमोर तसाच ठेवला, आणि भरायला संगीत नव्हतं म्हणून तो भरला गेला नाही.

१९९८ साली फिलिप ग्लासनं या सिनेमासाठी नवं संगीत लिहिलं आणि क्रोनोस क्वार्टेटनं ते वाजवलं. काही डिस्कवर ते निवडता येतं. संगीत सुंदर आहे. पण पहिल्यांदा पाहत असाल तर कृपा करून ते बंद ठेवा.

लुगोसी इतका सावकाश, शब्द तोडत का बोलतो? त्याला इंग्रजी येत नव्हतं का?

१९३०पर्यंत येत होतं. अमेरिकेत आल्यावरच्या पहिल्या दिवसांत मात्र त्याला ते फारच थोडं येई, आणि १९२२ सालच्या त्याच्या पहिल्या इंग्रजी नाटकातली भूमिका त्यानं उच्चार ऐकून पाठ केली होती. त्या घोकंपट्टीची लय त्याच्या बोलण्यात राहून गेली.

पण त्याची संथ चाल ही त्याची निवड होती, हे विसरू नये. त्याचा जन्म १८८२चा, लुगोश गावचा. हा भाग तेव्हा हंगेरीत होता, आता रुमानियात आहे, आणि गावाच्या नावावरूनच त्यानं रंगभूमीसाठी आडनाव घेतलं. बुडापेस्टच्या राष्ट्रीय नाट्यगृहात त्यानं कामं केली. १९१९च्या क्रांतीत तो नटांच्या संघटनेत पुढे होता. क्रांती मोडली आणि त्याला देश सोडावा लागला. म्हणजे ट्रान्सिल्व्हेनियाच्या काउंटची भूमिका करणारा हा माणूस त्याच मुलखाच्या शेजारून आलेला आणि परक्या देशात आपली भाषा मागे ठेवून उभा असलेला होता. “मी कधी पीत नाही... वाइन” या वाक्यात मधे तो जो थांबतो, तो थांबा कादंबरीत शोधू नका, ते वाक्यच तिथे नाही.

मानधन? आठवड्याला ५०० डॉलर, सात आठवडे. एकूण ३,५०० डॉलर. डेव्हिड मॅनर्सला आठवड्याला २,००० मिळत होते. लुगोसी स्टुडिओची पहिली पसंती नव्हता. लॉन चेनीचं नाव घेतलं जाई, पण तो ऑगस्ट १९३०मध्ये वारला, आणि त्यानंतरही इतर काही नावांचा विचार झाला. लुगोसीला ही भूमिका एवढी हवी होती की त्यानं हे पैसे मान्य केले. मला याचं अजून वाईट वाटतं.

सुळे का दिसत नाहीत? रक्तही नाही!

रक्त आहे. रेनफिल्डच्या बोटाला कागदाची टाचणी लागते तेव्हाचा एक थेंब. बस. सुळे नाहीत, मानेवरच्या खुणा बोलण्यात येतात पण दाखवल्या जात नाहीत, आणि शेवटी काउंटच्या छातीत खुंटा ठोकला जातो तेव्हा कॅमेरा दुसरीकडे असतो. आपण फक्त कण्हणं ऐकतो आणि मिना छाती धरते.

काही अंशी सेन्सॉरची भीती, काही अंशी नाटकाची पद्धत. लुगोसीनं ती जागा डोळ्यांनी आणि बोटांनी भरून काढली. डोळ्यांवर बारीक प्रकाशझोत टाकलेले आहेत, नीट पाहिलंत तर एखाद्या ठिकाणी झोत किंचित चुकलेलाही दिसेल.

केपची ती उंच कॉलर कुठून आली?

रंगमंचावरच्या एका करामतीतून. नाटकात काउंटला सगळ्यांच्या हातांतून अदृश्य व्हायचं असे. तो प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राही, इतर पात्रं त्याची केप धरत, आणि तो मंचाच्या फळीतल्या चोरदारातून खाली उतरे. त्याचं डोकं नाहीसं झालेलं मागून कळू नये म्हणून कॉलर उंच आणि ताठ. सिनेमात माणूस गायब करायला ही युक्ती लागत नाही, पण कॉलर राहिली ती राहिलीच. गॅदरिंगमध्ये काळी ओढणी मागे उभी करून ड्रॅक्युला होणाऱ्या पोरांपर्यंत ती आली.

याच सेटवर रात्री दुसरा सिनेमा चालू होता म्हणतात, ते खरं का?

अगदी खरं. दिवसा ब्राउनिंगची माणसं काम करत. ती संध्याकाळी गेली की दिग्दर्शक जॉर्ज मेल्फर्डचं पथक येई आणि त्याच सेटवर, त्याच कथेवर स्पॅनिश ‘ड्राकुला’ चित्रित करी. काउंट कार्लोस व्हियारियास, नायिका लुपिता तोवार (तिचं नाव या आवृत्तीत एव्हा). मेल्फर्डला स्पॅनिश येत नव्हतं, तो दुभाष्यामार्फत दिग्दर्शन करत होता.

मूकपटाच्या पाट्या बदलल्या की तो कोणत्याही देशात चालत असे. बोलपटानं ही सोय संपवली. डबिंग अजून बाल्यावस्थेत होतं. तेव्हा परदेशी बाजार टिकवायचा तर सिनेमा पुन्हा, दुसऱ्या भाषेतल्या नटांना घेऊन करायचा, असा हा तोडगा. आपल्याला हे अनोळखी वाटायचं कारण नाही. १९३२ साली प्रभातनं कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी असा दोन्ही भाषांत केला, आणि पहिला मराठी बोलपट म्हणून आपण त्याचं नाव घेतो. भाषेची भिंत तिथेही आडवी आली आणि उपायही तोच निघाला.

स्पॅनिश आवृत्ती जवळपास अर्ध्या तासानं लांब आहे, सुमारे १०४ मिनिटं. त्या पथकाला दिवसाचं काम पडद्यावर पाहायला मिळे, आणि छायालेखक जॉर्ज रॉबिन्सननं त्याहून सरस करायचा चंग बांधलेला दिसतो. कॅमेरा अधिक फिरतो. आरशाचा प्रसंग तुलना करून पाहा: लुगोसी हातानं सिगारेटची पेटी उडवतो, व्हियारियास काठीनं तिचा चुराडा करतो.

मग कोणती चांगली? कॅमेऱ्याचा विचार केला तर स्पॅनिश. पण व्हियारियास डोळे वटारतो, लुगोसी नुसता पाहतो. दोन्ही पाहून झाल्यावर मला लुगोसीच आठवत राहतो. या आवृत्तीची बराच काळ पूर्ण प्रत मिळत नव्हती. क्यूबात जपलेल्या प्रतीच्या मदतीनं ती सावरली गेली. लुपिता तोवार २०१६ साली, वयाच्या १०६व्या वर्षी गेली.

किल्ल्यात आर्माडिलो कसे?

खवल्यांचा तो प्राणी अमेरिकेतला, ट्रान्सिल्व्हेनियात नसतो. हे दृश्य गांभीर्यानं घेणं अवघड जातं हे मान्य. पण १९३१च्या प्रेक्षकानं तो प्राणी फारसा पाहिलेला नसणार. अनोळखी काहीतरी कोपऱ्यात सरपटतंय, एवढाच हेतू.

वादळातलं जहाज वेगळ्याच सिनेमातलं वाटतं.

आहेच. तो तुकडा युनिव्हर्सलच्या १९२५च्या ‘द स्टॉर्म ब्रेकर’ या मूकपटातून उचललेला आहे. मूकपट कमी गतीनं चित्रित होत आणि बोलपटाचा प्रक्षेपक ठरलेल्या वेगानं फिरतो, म्हणून खलाशी तुरुतुरु पळताना दिसतात.

ल्यूसीचं पुढे काय झालं?

ती मरते, पांढऱ्या कपड्यांत फिरून लहान मुलांना धरते, आणि व्हॅन हेल्सिंग तिच्या आत्म्याला मुक्ती द्यायचं वचन मिनाला देतो. ते वचन पाळल्याचं इंग्रजी आवृत्तीत दाखवलेलंच नाही. हा राहून गेलेला धागा आहे आणि त्याचं समर्थन मला करता येत नाही.

आणि शेवट असा एकदम का?

काउंट मरतो, मिना शुद्धीवर येते, ती आणि हार्कर लांबलचक जिना चढून उजेडाकडे जातात, घंटा वाजते, संपलं. व्हॅन हेल्सिंग मागे का थांबला हेही कळत नाही.

मूळ सिनेमा इथे संपत नव्हता. नाटकात शेवटचा पडदा पडला की व्हॅन हेल्सिंग पुढे येऊन प्रेक्षकांना उद्देशून बोलत असे: घरी जाल, दिवे मालवाल, पडद्यामागे काही आहे का असं वाटून भीती वाटेल, तेव्हा स्वतःला सावरा आणि ध्यानात ठेवा, की अशा गोष्टी खरोखर असतात! सिनेमातही व्हॅन स्लोननं हे भाषण केलं होतं. १९३६ साली सिनेमा पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा निर्मिती-संहितेचे, म्हणजे हॉलिवूडनं स्वतःवर घालून घेतलेल्या सेन्सॉरचे, नियम कडक झाले होते. भुतंखेतं असतात असं थेट सांगणारं ते भाषण कापलं गेलं. रेनफिल्डची किंकाळी आणि काउंटचं कण्हणंही गेलं. आवाज पुढे परत आले, भाषण मात्र आजच्या प्रतींत नसतं. आपल्या नाटकात भरतवाक्य असतं तसं या नाटकाचं हे उलटं भरतवाक्य होतं, धीर देता देता घाबरवणारं. ते गेल्यामुळे सिनेमाचा शेवट उघडा पडला.

त्या वेळी मुंबईत काय चालू होतं?

‘ड्रॅक्युला’ १२ फेब्रुवारी १९३१ रोजी न्यूयॉर्कच्या रॉक्सी थिएटरात लागला. त्यानंतर महिन्याभरानं, १४ मार्चला, गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, भारतातला पहिला बोलपट. तोही नाटकावरून आलेला, जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरच्या नाटकावरून. त्याचं बरंचसं चित्रीकरण रात्री झालं, कारण स्टुडिओजवळून आगगाड्या जात आणि दिवसा त्यांचा आवाज माइकमध्ये येई. हॉलिवूडमध्ये मेल्फर्ड रात्री काम करत होता तो सेट दिवसा मोकळा नव्हता म्हणून, आणि मुंबईत ‘आलम आरा’चे दिग्दर्शक अर्देशीर इराणी रात्री काम करत होते रूळ शांत व्हावेत म्हणून.

फरक मोठा आहे तो संगीताचा. आपली रंगभूमी गाणारी होती, त्यामुळे आपला बोलपट जन्मल्याबरोबर गायला लागला. ‘अयोध्येचा राजा’मध्ये हरिश्चंद्र झालेले आणि संगीत देणारे गोविंदराव टेंबे संगीत नाटकांतून आलेले. वाद्यं कुठून वाजली हा प्रश्न आपल्या प्रेक्षकानं विचारलाच नाही. हॉलिवूडनं ज्या रंगभूमीकडून उसनवारी केली ती बोलणारी होती, म्हणून तिथला बोलपट आधी बोलला. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज शिल्लक नाही. त्यामुळे त्या वसंतातल्या दोन बोलपटांपैकी एकच आपण ऐकू शकतो, आणि तो हा.

ध्वनियंत्र नसलेल्या थिएटरांचं काय?

त्यांच्यासाठी संवादांच्या पाट्या घातलेली मूक आवृत्ती काढली होती. लुगोसीचा आवाज वजा करून लुगोसी पाहणारेही प्रेक्षक होते!

पुढे लुगोसीचं काय झालं?

चित्रपटात ड्रॅक्युलाची पूर्ण लांबीची भूमिका त्यानं आणखी एकदाच केली, १९४८ साली, अ‍ॅबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीबरोबर. मधल्या काळात भूमिका लहान होत गेल्या, दुखणं आणि औषधांचं व्यसन मागे लागलं. १६ ऑगस्ट १९५६ रोजी तो गेला. त्याला ड्रॅक्युलाच्या केपमध्येच पुरलं. त्याच्या वारसांनी पुढे त्याच्या चेहऱ्याच्या वापरावरून युनिव्हर्सलवर दावा लावला, पण १९७९ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात ते हरले.

पाहायला बसताना काही खास लक्षात ठेवायचं का?

खोलीत अंधार करा, पंखा बंद करता आला तर करा, आणि आवाज नेहमीपेक्षा थोडा वाढवून ठेवा. ध्वनिपट्टीची खरखर त्रासदायक वाटली तरी दोन मिनिटांत कान सरावतो.

आणि जहाज इंग्लंडला लागतं तो प्रसंग हातातलं सगळं बाजूला ठेवून पाहा. बंदरावरची माणसं तळखोलीचं झाकण उघडतात. आधी फक्त एक हसू येतं, घशातल्या घशात, लांबवलेलं, दात न उघडता. मग कॅमेरा खाली पाहतो आणि जिन्याच्या पायथ्याशी वर बघणारा रेनफिल्ड दिसतो. ड्वाइट फ्राय हा नटही रंगभूमीवरचाच. सबंध सिनेमात सगळे जण काउंटकडे बघतात, पण घरी दाखवल्यानंतर दुसऱ्या दिवशी मला ज्यांचे फोन येतात, ते त्या हसण्याबद्दल बोलायला येतात.